बर्फ आणि मणका

शारजात आमच्या ओळखीतला एक तरुण परांचीवरून पडला. मणक्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली. आयसीयूबाहेर त्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, अमेरिकेत म्हणे थंडाव्याने माणूस चालायला लागला. मग इथले डॉक्टर बर्फ का नाही लावत?" मी पडलो सिव्हिल इंजिनिअर. तेव्हा गप्प राहिलो आणि घरी येऊन वाचायला बसलो.

तो अमेरिकेतला माणूस खरा आहे. केव्हिन एव्हरेट, बफेलो बिल्सचा फुटबॉलपटू. 9 सप्टेंबर 2007 रोजी मैदानातच त्याची मान मोडली. डॉ. अँड्र्यू कॅपुचिनो यांनी रुग्णवाहिकेतच शिरेतून थंड सलाइन सुरू केलं. डिसेंबरात एव्हरेट स्वतःच्या पायांवर चालत होता!

कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. फिलाडेल्फियाच्या टेंपल फे यांनी 1938 मध्येच कर्करोगाच्या रुग्णांचं शरीर थंड करून पाहिलं होतं. पुढे 1960 च्या दशकात क्लीव्हलँडला अल्बिन आणि व्हाइट यांनी माकडांच्या दुखावलेल्या मज्जारज्जूवर थेट थंड सलाइन खेळवलं. त्यामागचा तर्क साधा आहे. आघात क्षणात होतो, पण नंतर कित्येक तास सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरत राहतात. थंडाव्यात पेशींची भूक मंदावते. मायामीच्या डॉक्टरांनी संपूर्ण इजा झालेल्या 14 जणांना 48 तास 33 अंशांवर ठेवलं. 2010 च्या अहवालात त्यांतल्या 6 जणांत सुधारणा नोंदली आहे. पण थंडावा न दिलेला, चिठ्ठी टाकून निवडलेला दुसरा गट तिथे नव्हता. एव्हरेटवर तातडीची शस्त्रक्रिया झाली होती, स्टिरॉइडही दिलं होतं. श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय थंडाव्याने हृदयाची गती उतरते, न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. आणि वरून बर्फाची पिशवी ठेवून आतला मज्जारज्जू थोडाच गार होतो! उष्माघातात आपण इथे बर्फ वापरतो, ती गोष्ट निराळी. तिथे चढलेला ताप उतरवायचा असतो.

मला खुपलं ते वेगळंच. सोबत्यांनी घाबरून त्याला हातापायांना धरून पिकअपमध्ये घातलं होतं. 998 ला फोन करून, मान न हलवता वाट पाहायची, हे कुणी त्यांना शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी काही दडवलेलं नाही." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "खुर्ची घराच्या दारातून आत जाईल ना?" साताऱ्याच्या घराचं दार किती रुंद आहे, ते मी फोनवरून त्यांच्या सासऱ्यांना मोजायला सांगितलं.