बेदाणा

बी नसलेली द्राक्षे वाळवून तयार केलेला सुका मेवा. मराठीत सुक्या द्राक्षांसाठी बेदाणा, मनुका व किसमिस असे तीन शब्द रूढ असून तिन्ही परभाषेतून आलेले आहेत.

‘बेदाणा’ हा मूळचा फार्सी शब्द. ‘बे’ हा अभावदर्शक उपसर्ग व ‘दाना’ म्हणजे दाणा किंवा बी. यावरून ‘बेदाना’ म्हणजे बीरहित. बेइमान, बेफिकीर इ. शब्दांत हाच उपसर्ग आढळतो. पाढ्यातील ‘बे’शी (दोन) त्याचा संबंध नाही. फार्सी ‘दाना’ आणि संस्कृत ‘धाना’ (धान्याचे दाणे) हे शब्द सगोत्र आहेत. ‘बेदाना’ हे मुळात विशेषण असल्याने ते कोणत्याही फळास लागू शकते. मराठीत ते सुक्या द्राक्षाचे नाम झाले, तर बंगालीत ‘बेदाना’ म्हणजे डाळिंब.

‘मनुका’ या शब्दाचा इतिहास याहून वेगळा आहे. अरबी ‘मुनक्का’ म्हणजे साफ केलेले, निवडलेले. युनानी वैद्यकात ‘मवीज मुनक्का’ म्हणजे बिया काढून टाकलेली मोठी सुकी द्राक्षे. पुढे ‘मवीज’ हे नाम गळून विशेषणच नाम बनले व त्यातील बिया काढण्याची सूचना विस्मृतीत गेली. परिणामी मराठीच्या रूढ व्यवहारात मनुका ही सबीज व बेदाणा निर्बीज मानला जातो. वस्तुतः व्युत्पत्तीनुसार दोन्ही शब्द बियांचा अभावच सुचवितात. म्हणून जुने औषधपाठ वाचताना हा फरक ध्यानात घेणे आवश्यक ठरते. युनानी पाठातील ‘मुनक्का’ म्हणजे आजची सबीज मनुका असे समजून ती तशीच वापरल्यास मूळ पाठातील कृतीचा एक भाग सुटतो व द्रव्याचे वजनही बदलते.

‘किसमिस’ हा फार्सी ‘किशमिश’चा अपभ्रंश होय. मध्य आशियात हे नाव लहान, बिनबियांच्या द्राक्षास वेलीवर असतानाही दिले जाते. मराठीत किसमिस व बेदाणा हे शब्द बहुधा समानार्थी वापरतात.

ही नावे परकीय असली, तरी द्राक्षाचा परिचय भारतात त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. अमरकोशात द्राक्षा, मृद्वीका, गोस्तनी इ. पर्याय एकत्र दिले असून त्यांत ताजे व सुके असा भेद केलेला नाही. पाणिनीच्या सूत्रातील कापिशी (अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर) हे नगर द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध होते. कौटिलीय अर्थशास्त्रातही ‘कापिशायन’ हा मद्यप्रकार उल्लेखिलेला आहे. सुक्या मेव्याच्या व्यापारात मात्र बी आहे की नाही यावर मालाची प्रत ठरे. त्यामुळे तो भेद नेमका दाखविणारी फार्सी-अरबी नावे मालाबरोबरच भारतीय भाषांत स्थिरावली असावीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात ‘टॉमसन सीडलेस’ या जातीची लागवड वाढली आणि तासगाव व सांगली ही बेदाण्याची प्रमुख केंद्रे बनली. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातील विल्यम टॉमसन यांच्यावरून नाव मिळालेली ही जात म्हणजे मूळची पश्चिम आशियातील किशमिश अथवा सुलताना होय. तिच्या नावातील ‘सीडलेस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बेदाना’ असाच आहे.