टीडीएस मीटरवर आकडा मोठा, म्हणजे विहिरीचं पाणी औषधी?

हातकणंगल्यात आमच्या विहिरीच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला की 640 दिसतं. शेजारचे काका म्हणाले, "बघ, किती खनिजं आहेत. औषधी पाणी हाय हे!" त्यांच्या घरी चार महिन्यांचं बाळ आहे. त्याचं पावडरचं दूधही याच पाण्यात कालवतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

मीटर काय मोजतो?
पाण्यात क्षार विरघळले की त्यातून वीज वाहते. मीटर ती वाहकता मोजतो, तिला साधारण 0.5 ते 0.7 या गुणकाने गुणतो आणि लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार असतील याचा अंदाज दाखवतो. म्हणजे फाइलची साइज कळते, आत फोटो आहे की व्हायरस, ते कळत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे. 1-1 ने मोजणाऱ्या मीटरला ते दिसणारच नाही. जंतूही दिसत नाहीत.

मग औषधी गुण खोटे का?
सरसकट नाही. इंग्लंडमधल्या एप्सम गावचं कडू पाणी जुलाबासाठी प्रसिद्ध होतं, कारण त्यात मॅग्नेशियम सल्फेट होतं. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात सांधे मोकळे वाटतात, त्यात उष्णतेचा मोठा वाटा असतो. थोडक्यात, गुण ठरावीक घटकाचा आणि त्याच्या प्रमाणाचा असतो, एकूण आकड्याचा नाही.

आपल्या पाण्यात काय असू शकतं?
इथल्या काळ्या बेसाल्ट खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. ते शरीराला लागतं. पण उसाला टाकलेलं खत आणि शौचालयाचे खड्डे यांतून नायट्रेटही झिरपतं. मीटरसाठी दोन्ही सारखेच.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार लिटरमागे मर्यादा अशा:
- टीडीएस: 500 (दुसरा स्रोत नसेल तर 2000)
- कठीणपणा: 200 (तसाच अपवाद 600)
- फ्लोराइड: 1 (तसाच अपवाद 1.5)
- नायट्रेट: 45, सवलत नाही

(सगळे आकडे मिलिग्रॅममध्ये.)

सहा महिन्यांखालच्या बाळाला जास्त नायट्रेट गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

काय करायचं?
कॅमेऱ्याने पाणी तपासतो म्हणणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. फोटोत नायट्रेट दिसत नाही. ग्रामपंचायतीत तपासणी किट आहे का, विचारा. संपूर्ण विश्लेषणासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती आधी मागून घ्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक घटक मर्यादेशी ताडून बघा.

काकांना मी एवढंच सांगितलं, "रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या दुधाला हे पाणी नको."