मालवण किनाऱ्यावरील अपस्मार
अपस्मार, म्हणजे मेंदूतील विद्युत्-क्रिया बिघडून वारंवार झटके येण्याचा विकार, चरकसंहितेत वर्णिलेला असला, तरी सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत, म्हणजे देवस्थान व मानकरी यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या ग्रामव्यवस्थेत, आजारपणाच्या वाईट दिवसांत ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून कौल लावला जाई आणि मूर्तीला पाण्याने चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की घरच्यांना धीर येई. तो धीर खरा होता, त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल. झटका मात्र त्याने थांबत नसे. फेनोबार्बिटाल १९१२ मध्ये आणि फेनिटॉइन १९३८ मध्ये उपचारात आले, तरी रोज न चुकता घ्यावयाची गोळी सोयरीक मोडण्याच्या भीतीने लपवावी लागे. त्या भीतीला १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याचाही आधार मिळाला, आणि अपस्माराला विवाहातील बाधा मानणारे ते शब्द १९९९ मध्ये वगळले गेले.