नोंद नसलेला निर्णय

राज्य म्हटले की डोळ्यांपुढे सिंहासन येते, तलवार येते. दौत-लेखणी सहसा येत नाही. परंतु 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवछत्रपतींनी अष्टप्रधानांत लेखणीलाही मानाचे आसन दिले. ‘सुरनीस’ हे फारसी नाव जाऊन ‘सचिव’ हे नाव आले. राजपत्रांतील मजकूर तपासावा, अधिकउणे असेल ते शुद्ध करावे, मगच पत्र रवाना व्हावे, हे सचिवाचे काम.

दिल्लीच्या कारभारात याच जातीचे काम मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आहे. 1946 साली हंगामी सरकार आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या सचिवालयातून हे खाते उभे राहिले. त्याच्या हाती ना फौज, ना तिजोरी. बैठकीची विषयपत्रिका काढावी, टिपणे मंत्र्यांकडे अगोदर पोहोचवावीत, दोन खात्यांत ओढाताण झाली तर सचिवांना एकत्र बसवून तोड काढावी, ठरेल ते लिहून ठेवावे आणि त्याची अंमलबजावणी होते की नाही ते पाहावे. एवढ्याशा कारकुनीने काय बिघडते वा सुधारते, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे.

1956 साली मंत्रिमंडळ सचिव होते यशवंत नारायण सुखटणकर, आणि अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रायगडाच्या परिसरातील नाते गावी जन्मलेले, कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले. मुंबई केंद्राच्या कारभाराखाली राहील, अशी घोषणा पंडित नेहरूंनी केली. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये लोकसभेत त्याची कारणे सांगितली. त्यांत मुंबईवरील अन्यायाची व्यथा होतीच. पण दुसरा मुद्दा शुद्ध कारभाराचा होता. हा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला नाही, त्याचे कागद मंत्र्यांत फिरले नाहीत, समितीच्या बैठकीची नोंददेखील नाही, असे त्यांचे म्हणणे. नेहरूंनी हा आरोप मान्य केला नाही.

वाद दिल्लीतला खरा, पण त्याची झळ कोठवर पोहोचली असती? मीरा, भाईंदर, उत्तन ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातील गावे. उत्तनची मासळी आणि भाईंदरच्या मिठागरांतील मीठ यांचा मोठा बाजार मुंबई. ती घोषणा टिकती, तर भाईंदरचा माणूस सकाळच्या गाडीने दिल्लीच्या अमलात कामाला जाता आणि दिवेलागणीला आपल्या राज्यात परत येता! सुदैवाने तसे झाले नाही. नोव्हेंबर 1956 मध्ये द्वैभाषिक आले, आणि मोठ्या लढ्यानंतर 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र.

पुढे 1961 साली केंद्राच्या कामकाजाचे नियम नव्याने झाले. त्यांतही तातडीच्या वेळी नियम बाजूस ठेवण्याची मुभा पंतप्रधानांना राहिली. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. निर्णय आधी आणि विचार नंतर, असा तो उलटा क्रम.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण नाण्यांबरोबर वहीलाही हळदकुंकू वाहतो. व्यापारी जाणतो की जमाखर्च वेळच्या वेळी मांडला नाही, तर घरातली लक्ष्मी कोणाची, याचाच तंटा उभा राहतो. राज्याच्या वहीचेही तसेच आहे. ती लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. पण ती कोरी राहिली, तर उद्या भांडायला आधार उरत नाही.