टीव्हीचा आवाज येतो, पण पडदा काळा? बॅकलाइटचा बिघाड असा ओळखा

टीव्ही सुरू आहे, आवाज येतो आहे, रिमोटने चॅनेलही बदलते आहे. पण पडदा मध्येच काळा होतो आणि थोड्या वेळाने आपोआप उजळतो. अशा वेळी ‘पॅनल गेले’ असे ऐकून अनेक जण टीव्ही भंगारात काढतात. पॅनल बदलण्याचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो. मात्र अशा अनेक टीव्हींमध्ये पॅनल शाबूत असते, बिघाड असतो तो बॅकलाइटचा. त्याची दुरुस्ती पॅनलच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते.

बॅकलाइट म्हणजे काय?

एलसीडी पॅनल स्वतः प्रकाश देत नाही. ते फक्त मागून येणारा प्रकाश अडवते किंवा पुढे सोडते आणि त्यातून चित्र तयार होते. मागून प्रकाश देणारी व्यवस्था म्हणजे बॅकलाइट. जुन्या एलसीडी टीव्हीत त्यासाठी बारीक ट्यूब असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. आपण ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो, तो बहुधा एलईडी बॅकलाइट असलेला एलसीडी टीव्हीच असतो. ओएलईडी टीव्हीत मात्र प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. त्यात बॅकलाइट नसतो, म्हणून पुढील माहिती त्याला लागू नाही.

टॉर्चची चाचणी

खोलीत अंधार करा. पडदा काळा झाला की मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून नीट पाहा. पुसटसे चित्र किंवा मेन्यू हलताना दिसला, तर पॅनलवर चित्र येते आहे, फक्त मागचा प्रकाश नाही. काहीच दिसले नाही, तर दोष पॅनल, मेन बोर्ड किंवा त्यांना जोडणाऱ्या केबलमध्ये असू शकतो.

आधी सेटिंग तपासा

गडद दृश्यात उजेड कमी होणे हा बिघाड असेलच असे नाही. वीज वाचवणारा इको मोड, खोलीतल्या प्रकाशानुसार उजेड बदलणारा सेन्सर किंवा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट यांमुळेही तसे होते. हे पर्याय बंद करून पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात टीव्हीवर सरकते पट्टे दिसले तरी घाबरू नका. अनेक टीव्हींत एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त केला जातो, ते कॅमेरा टिपतो.

बिघाड कधी होतो, ते पाहा

• सुरू होताच एक-दोन सेकंद उजेड, मग काळोख: एलईडींना वीज पुरवणाऱ्या सर्किटला गडबड जाणवते आणि ते पुरवठा तोडते. पट्टीतला एखादा एलईडी खराब असण्याची शक्यता मोठी.

• बराच वेळ चालल्यावर काळोख, थंड झाल्यावर पुन्हा ठीक: उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि तडा गेलेला सोल्डरचा जोड किंवा एलईडीच्या आतला जोड सुटतो. थंड झाला की पुन्हा टेकतो.

• सुरुवातीला लुकलुक, गरम झाल्यावर ठीक: पॉवर सप्लायमधला कमकुवत झालेला कॅपॅसिटर हे याचे नेहमीचे कारण.

• पडद्याचा एकच भाग काळा: त्या भागातील पट्टी किंवा तिचा कनेक्टर तपासावा लागतो.

एका पट्टीतले एलईडी बहुधा एकामागोमाग एक जोडलेले असतात, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. त्यामुळे एकाचा जोड तुटला तरी सगळी रांग विझते.

बॅकलाइटची पातळी कमी करूनही पाहा. तसे केल्यावर पडदा जास्त वेळ टिकला, तर एलईडी किंवा त्यांचा वीजपुरवठा यांवर संशय पक्का होतो. हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

मेकॅनिकला काय सांगाल?

मेकॅनिक आला की टीव्ही नेमका नीट चालतो, हा अनुभव नेहमीचाच. म्हणून बिघाडाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. टॉर्चमध्ये चित्र दिसते का आणि किती मिनिटांनी पडदा जातो, हेही सांगा. पट्टी बदलायची असेल तर एकच न बदलता पूर्ण संच बदलणे बरे, कारण बाकीचे एलईडीही तितकेच वापरलेले असतात. वॉरंटी शिल्लक असेल तर टीव्ही बाहेर उघडू देऊ नका.

मागचे झाकण स्वतः उघडू नका

पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. शिवाय पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक टीव्हींत काचेचे पातळ पॅनल उचलावे लागते. ते जरा वाकले तरी तडकते. मग स्वस्तात होणारी दुरुस्ती खरोखरच ‘पॅनल गेले’ इथे येऊन थांबते.