थंडीत मॅच बघताना पाय गार का पडतात? कारणं, घरगुती उपाय आणि हीटेड इनसोलचा खरा हिशोब

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या जवळा बाजारकडे (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) दोन गोष्टी जोरात असतात, थंडी आणि टेनिस बॉल क्रिकेट. रात्री लाइट लावून मॅच चालतात, कुणीतरी स्टँडवर मोबाईल लावून यूट्यूबला लाइव्ह करत असतो आणि बाकीचे आपण बाउंड्रीच्या कडेला. अंगात स्वेटर असतो, कानाला मफलर असतो. पण दुसरी मॅच सुरू होईपर्यंत पायाची बोटं आहेत की नाहीत हेच कळत नाही!

मग लोक ऑनलाइन बॅटरीवर चालणारे गरम इनसोल शोधतात. ते घ्यावेत का? की दुसरं काही चालेल? आज आपण हेच समजून घेऊया. सगळ्यात शेवटचा मुद्दा शुगर असलेल्या माणसांबद्दल आहे, तो मात्र नक्की वाचा.

ॲपमध्ये ११ अंश, मग पायाला जास्त गार का?

मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये दिसणारं तापमान हे जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. म्हणजे तुमच्या डोक्याजवळचं. हिवाळ्यात आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो. अशा रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशाकडे टाकत राहते आणि वरच्या हवेपेक्षाही गार होते. म्हणूनच गवतावर दव पडतं. परभणी आणि निफाडला तर काही वर्षी तापमान ५ अंशांच्या खाली जातं. तेव्हा जमिनीलगत काय होत असेल याचा अंदाज करा. थोडक्यात, ॲपमधला आकडा डोक्यासाठी बरोबर आहे, पायासाठी नाही.

पायच आधी गार का पडतात?

यामागे चार कारणं आहेत:

१. शरीराची प्रायॉरिटी: आपल्या आतल्या अवयवांचं तापमान साधारण ३७ अंश ठेवावं लागतं. थंडी वाजली की शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि गरम रक्त हृदय, फुफ्फुस, मेंदूकडे ठेवतं. फोन बॅटरी सेव्हर मोडला जातो, तसंच हे.

२. हालचाल नाही: खेळणाऱ्याचे स्नायू उष्णता तयार करतात. बघणारा तासन्‌तास एका जागी उभा किंवा बसलेला असतो.

३. जमीन उष्णता ओढते: बुटाच्या तळातून उष्णता सरळ गार मातीत जाते.

४. ओलावा: तळपायाला घामाच्या ग्रंथी खूप दाट असतात. त्यात दवाने भिजलेलं गवत. मोजा ओला झाला की खेळ खल्लास.

आकड्यात बघू: कोणती वस्तू उष्णता किती जाऊ देते?

हा आकडा जितका लहान तितकी वस्तू पायासाठी चांगली (एकक: वॅट प्रति मीटर केल्विन, आकडे साधारण आहेत).

• थांबलेली हवा: ०.०२६
• थर्माकोल: ०.०३५
• पुठ्ठा: ०.०६
• बुटाच्या तळाचं रबर: ०.१५
• पाणी: ०.६
• ओली माती: १ किंवा त्याहून जास्त

म्हणजे पाणी हे थांबलेल्या हवेपेक्षा २० पटींहून जास्त वेगाने उष्णता पळवतं. ओला मोजा गार का लागतो हे आता कळलं असेल. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, लोकर, थर्माकोल, पुठ्ठा, कडब्याची पेंढी या सगळ्यांत ऊब देणारी खरी वस्तू एकच, ती म्हणजे आत अडकलेली हवा.

फुकटचा थर्माकोल विरुद्ध गरम इनसोल

आता इंजिनिअरचा हिशोब करू. समजा तळव्याचं तापमान २५ अंश, जमीन १० अंश, म्हणजे फरक १५ अंश. तळव्याचं क्षेत्रफळ साधारण ०.०२ चौरस मीटर आणि बुटाचं रबर १ सेंटिमीटर जाड. या हिशोबाने एका पायातून जमिनीत साधारण ४.५ वॅट उष्णता जाते.

आता पायाखाली २ सेंटिमीटर जाड थर्माकोल ठेवला तर हाच आकडा अर्ध्या वॅटपर्यंत येतो. म्हणजे वाचले ४ वॅट!

आता इनसोल बघा. समजा एका इनसोलमध्ये २००० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी आहे. २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणलं की ७.४ वॅट-तास. ३ वॅटवर चालवला तर अडीच तासांत बॅटरी संपली. टूर्नामेंट रात्री आठला सुरू होऊन एक वाजेपर्यंत चालते, म्हणजे फायनलच्या वेळी इनसोल बंद.

हा कागदावरचा हिशोब आहे. अंगाच्या वजनाने थर्माकोल दबतो, जमीनही पायाखाली थोडी गरम होते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडेल. पण मुद्दा तोच राहतो: उष्णता तयार करण्याआधी ती जायची थांबवा. घागरीला भोक असेल तर नळ मोठा करून उपयोग नाही, आधी भोक बुजवा.

विजेच्या भरवशावर राहिलं तर काय होतं, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बे शहरात अमेरिकन फुटबॉलची मोठी मॅच उणे २५ अंशांच्या आसपास झाली. तिला आजही ‘आइस बाउल’ म्हणतात. मैदान गोठू नये म्हणून त्याच वर्षी जमिनीखाली विजेची हीटिंग सिस्टीम बसवली होती. ऐन मॅचच्या दिवशी तीच चालली नाही आणि मैदान बर्फासारखं कडक झालं!

काय करायचं? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: मोजे मैदानावर जाऊन बदला. गाडी चालवताना, चालताना घाम येतो. कोरडी जोडी खिशात ठेवा आणि पोचल्यावर घाला. सुती मोजा घाम धरून ठेवतो, लोकरीचा किंवा लोकर मिसळलेला चांगला.

स्टेप २: दोन मोजे घालून बूट आवळू नका. बूट घट्ट झाला की आतली हवाही जाते आणि रक्तही कमी येतं. बोटं हलली पाहिजेत. जागा नसेल तर एकच जाड मोजा घाला. चप्पल घालून जाऊ नका.

स्टेप ३: पायाखाली काहीतरी घ्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, पुठ्ठ्याचे दोन-तीन थर किंवा घडी केलेलं रिकामं पोतं. पुठ्ठा ओला झाला की बदला. बसायचं असेल तर बुडाखालीही घ्या. मॅच संपल्यावर थर्माकोल घरी न्या, शेकोटीत टाकू नका, त्याचा धूर विषारी असतो.

स्टेप ४: दर ओव्हरला टाचा वर करा. २० वेळा टाचा वर-खाली करा, बोटं आत-बाहेर करा. पोटरीचे स्नायू चालले की रक्त फिरतं. इनिंग ब्रेकमध्ये एक चक्कर मारा.

स्टेप ५: कान, मान, छाती झाका. अंग गरम असेल तरच शरीर पायाकडे रक्त सोडतं. पाय गार पडले तर टोपी घाला, हे ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

स्टेप ६: तंबाखू, सिगारेट, दारू नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दारूने गरम वाटतं, पण कातडीतून उष्णता उलट जास्त जाते.

हे सगळं करूनही पाय गार पडत असतील, तर मग गरम इनसोल घ्या. घेताना बॅटरीवर बीआयएसचा मार्क बघा आणि तापमान कमी-जास्त करायची सोय आहे का ते तपासा. फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी बुटात घालू नका.

शुगर असलेल्यांसाठी: हे वाचाच

दोन वर्षांपूर्वी आमचे काका मॅच बघायला आले होते. त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. शेकोटीजवळ खुर्ची टाकून, चपला काढून पाय पुढे करून बसले. आम्ही सगळे मॅचमध्ये. घरी आल्यावर काकूने बघितलं तर तळव्याला दोन मोठे फोड. काकांना काहीच कळलं नव्हतं. जखम भरायला तीन महिने लागले.

असं का होतं? जास्त काळ शुगर राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. चटका बसतोय हा निरोप मेंदूकडे जातच नाही. आणि भाजायला जाळच लागतो असं नाही. ४४ अंशांवर सहा तास कातडी राहिली तरी ती भाजते. म्हणून अशा माणसांनी शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, गरम इनसोल, हीट पॅड यांपैकी काहीही पायाला लावू नये. त्यांच्यासाठी कोरडे मोजे, बंद बूट आणि पायाखाली जाड थर. घरी आल्यावर उजेडात त्यांचे तळवे तुम्ही बघा, त्यांना विचारून भागणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: आपल्याकडे हिमदंश होऊ शकतो का?
उत्तर: नाही. त्यासाठी शून्याखालचं तापमान लागतं. पण गार ओलाव्याने बोटं लाल-जांभळी होऊन सुजतात, खाजतात. तेव्हा पाय लगेच जाळाजवळ धरू नका, कोरडे करून हळूहळू गरम करा. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: फोडून वापरायचे हीट पॅड कसे चालतात?
उत्तर: त्यात लोखंडाची पूड, मीठ आणि कोळशाची पूड असते. हवा लागली की लोखंड वेगाने गंजतं आणि त्यातून उष्णता निघते. घट्ट बुटात हवाच नसेल तर ते नीट चालत नाहीत. उघड्या कातडीवर लावू नका.

प्रश्न: पॉवर बँकेवर इनसोल चालवू का?
उत्तर: यूएसबीचा असेल तर चालतो. पण १०,००० एमएएच म्हणजे फक्त ३७ वॅट-तास, त्यातले काही वाया जातात. लाइव्ह करणाऱ्या मोबाईलला तीच पॉवर बँक लागणार असेल तर आधी ठरवा, पाय की मॅच!

तर मित्रांनो, पुढच्या टूर्नामेंटला जाताना कोरडे मोजे आणि एक पुठ्ठा सोबत न्या. आणि घरात कुणाला शुगर असेल तर हा लेख त्यांच्यासोबत मॅचला जाणाऱ्याला नक्की पाठवा.