कुलूप, पोवाडा आणि वाचनाचा हक्क



ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? काचेची कपाटे आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. करमणूक म्हटली की आठवते जत्रा, मेळा, नाटक. एक गंभीर माणसांचे, दुसरे रिकामटेकड्यांचे, अशी आपण मनाशी वाटणीच करून टाकली आहे. नाशिकचा इतिहास पाहिला तर ही वाटणी खोटी ठरते.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. महाराष्ट्रातील अगदी जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. पण त्या काळी अक्षरओळख असणारे लोक किती? मूठभर. शहरात पुस्तके आली, तरी बहुतेकांना ती बंदच होती. त्यांवर सरकारचे कुलूप नव्हते. कुलूप निरक्षरतेचे होते.

ते उघडण्याची एक वाट पुढे याच शहरातल्या तरुणांनी दाखविली. १९०० सालच्या सुमारास तिळभांडेश्वराच्या गल्लीत सावरकर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांची ‘मित्रमेळा’ ही संस्था उभी राहिली. ही मंडळी इतिहासाची पुस्तके वाचीत, त्यांवर चर्चा करीत. त्यांच्यात गोविंद त्र्यंबक दरेकर होते. पायांनी पांगळे, शाळा बेताचीच, आणि आधी लावण्या रचणारे. त्यांची लेखणी देशभक्तीकडे वळली. मंडळींनी वाचलेला शिवकालचा इतिहास पोवाड्यांत उतरला आणि गणेशोत्सवाच्या मेळ्यांत गाऊ लागला. ज्याला ‘ग म भ न’ येत नव्हते, तोही मेळा ऐकून चार ओळी पाठ करून घरी जाई. दरेकरांना लोक पुढे स्वातंत्र्यकवी गोविंद म्हणू लागले.

सरकारला ही गोष्ट लवकरच खुपू लागली. देशभक्तीपर कवितांची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पहा बरं, कवितांची पुस्तिका आणि जन्मठेप! त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. मग सरकारची पकड आणखी आवळली. १९१० च्या छापखाना कायद्याने छापखान्यांकडून जामिनाची रक्कम मागावी, मजकूर आवडला नाही तर ती जप्त करावी, असा अधिकार सरकारने घेतला. नाटकांवर १८७६ चा कायदा होताच. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली बंदी आली. कथा महाभारतातली, पण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसे, हे सरकारच्याही ध्यानात आले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पुस्तक जप्त करता येते, छापखान्याला टाळे ठोकता येते. पण पाठ झालेला पोवाडा पोलिसाला कोणत्या कपाटात सापडणार? गोविंदांच्या गाण्यांवरही बंदी आली, तरी ती तोंडोतोंडी पसरली. करमणुकीने वाचनाचे रक्षण केले ते असे.

तरी नुसत्या कंठावर सगळे टिकत नाही. गाणारा गेला की ओळी गळतात, पाठ बदलतो. म्हणून गाण्याला पुस्तकाचा आधार हवा आणि पुस्तकाला गाण्याची हाक हवी. नाशिकने हे पुढेही ओळखले. सार्वजनिक वाचनालयाचे स्वतःचे नाट्यगृह आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह. ग्रंथ आणि रंगमंच एकाच संस्थेकडे! कवी आणि नाटककार कुसुमाग्रज यांनी या वाचनालयाचे अध्यक्षपद भूषविले, ते या परंपरेला शोभूनच दिसते.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते. ती वाचून झाली की दुसऱ्या गटाची पेटी तिच्या जागी येते. अशा पेट्या नाशिकच्या तुरुंगातही गेल्या. एका पुस्तिकेपायी जिथला माणूस तुरुंगात गेला, त्याच शहरात पुस्तकेच आता कैद्यांच्या भेटीला गेली.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावच्या ग्रंथालयांना त्यातून अनुदानाचा आधार मिळाला. पण शिक्षक मंडळींनो, शाळेतल्या कपाटाची किल्ली कुठे आहे, हे एकदा पाहाल का? ‘पोरे पुस्तके फाडतील’ या भीतीने लावलेले कुलूपही बंदीच असते. तिला कायदा लागत नाही. ते काढा. शनिवारी एखादी गोष्ट पोरांकडून नाटुकल्यात करून घ्या, पारावर एखादा धडा मोठ्याने वाचा, गावातल्या शाहिराला बोलवा. शेवटचा प्रसंग मात्र मुद्दाम सांगू नका. ‘पुढे काय झाले?’ असे पोराने विचारले, की पुस्तक त्याच्या हाती ठेवा. दोन पाने फाटली तर खळ लावून चिकटवता येतील.